अक्काचं सार आणि देवाच्या वाट्याचं फळ

आमच्या घरात माझ्या जिभेला मान होता. बाकीच्या मला नव्हता.

आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेच्या मागून बेंगळूरला आले. पुढे फौज परत गेली, पण हे काही गेले नाहीत (जेवण चाललं असावं). तेवढ्या काळात आमच्या मराठीत कन्नड चांगलं मुरलं. थोडं म्हणजे 'स्वल्प', बरं म्हणजे 'सरी', आणि आंबटपणाला तर आम्ही सरसकट 'हुळी' म्हणतो. एक नियम मात्र जसाच्या तसा राहिला. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय स्वयंपाकाची चव कुणी बघायची नाही. मीठ, चिंच, गूळ, सगळं अंदाजानं. नैवेद्य झाला की घरातल्या एका पुरुषानं प्रत्येक पदार्थ थेंबभर तळहातावर घ्यायचा, चाटायचा आणि निकाल द्यायचा: मीठ हवं, हुळी कमी, ठीक आहे. घरच्या बायका पाहुणे जेवल्याशिवाय तोंडाला काही लावत नसत, त्यामुळे या निकालावर अपील नव्हतं. आजोबा गेल्यावर हा मान वडिलांना डावलून माझ्याकडे आला. मी तेव्हा इंटरला दुसऱ्यांदा बसलो होतो, म्हणजे मान मिळण्यासारखं दुसरं काही माझ्याजवळ नव्हतंच!

वडिलांना डावलण्याचं कारण होतं. अण्णांना (आम्ही वडिलांना अण्णा म्हणायचो) फळाची चव कशी आहे यात रस नव्हता. ते झाडाला लागतं कसं, यात होता! रेशीम खात्यातली कारकुनी संपवून घरी आले की ते डोक्यावरची टोपीसुद्धा न काढता थेट परसात जायचे. बसवनगुडीतलं आमचं परस म्हणजे जगाच्या नकाशाचा ओला तुकडा होता. मेक्सिकोकडचं बटर फ्रूट (म्हणजे अव्होकाडो), ब्राझीलचा काजू, कुंपणावर पॅशन फ्रूटचा वेल, विहिरीजवळ अननसांची रांग.

"ऐका!" जेवताना अण्णा सुरू करायचे. "बटर फ्रूटचं फूल आज सकाळी उमलतं तेव्हा बाई असतं. दुपारी मिटतं. उद्या दुपारी परत उमलतं तेव्हा बुवा!"

"मुलांसमोर काय हे!" आई म्हणायची.

"अगं, फूल गं! आणि अंजीर? अंजीर म्हणजे उलटा केलेला फुलांचा घोस. फुलं सगळी आत, बाहेरून एक दिसायचं नाही! आणि हा अननस, हे एक फळ नव्हेच. शंभरेक फुलं एकमेकांना चिकटून एक झालीत. दीड वर्ष लागतं त्याला, दीड वर्ष!"

"भात निवतोय," आई म्हणायची.

अण्णांचा आवाज त्या वेळी कीर्तनात देवाचं नाव घेताना होतो तसा व्हायचा. डोळ्यांत पाणी यायचं. पण रोज दोन वेळा, वर्षानुवर्षं ऐकल्यावर माणसाचं काय होणार? मी 'हूं', 'हो का', 'अरे वा' हे तीन शब्द आळीपाळीनं वापरायला शिकलो होतो. या तीन शब्दांनी पुढे माझा घात केला.

परसाच्या कोपऱ्यात एक बुटकं, सुस्त झुडूप होतं. त्याला आम्ही 'डॉक्टरांचं झाड' म्हणायचो. पश्चिम आफ्रिकेत नोकरी करून आलेले एक म्हातारे डॉक्टर येलहंक्याला राहायचे. त्यांनी अण्णांना ते बोटभर रोप दिलं, त्याचं माहात्म्य सांगितलं आणि वर्षभरात ते वारले. त्यांचं स्वतःचं झाडही मागोमाग गेलं. म्हणजे माहात्म्य खरं की खोटं, सांगायला कुणी उरलं नाही. अण्णांनी मात्र त्या रोपाची जी सेवा केली ती आमच्यापैकी कुणाचीही केली नसेल! त्याला म्हणे आंबट माती लागते. विहिरीचं पाणी चालत नाही. म्हणून पावसाचं पाणी घंगाळात साठवून त्याला, आणि आम्हाला आंघोळीला विहिरीचं. सहा वर्षं झाली. झाड माझ्या कमरेएवढं झालं आणि त्या वर्षी पहिल्यांदा त्याला फळं लागली. किती? दोन! कॉफीच्या फळाएवढी.

अण्णा रोज सकाळी त्यांना नमस्कार करायचे. ही फळं खाल्ली की काय होतं, हे त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितलं असेल. मी वीसही वेळा म्हणालो होतो, "अरे वा."

आता अक्काचं सांगतो, कारण सगळं अडकलं होतं तिच्यात. माझी थोरली बहीण. उंच, चष्मेवाली, मोजकं बोलणारी. तीन स्थळांनी तिला नाही म्हटलं होतं. एकानं उंचीसाठी, एकानं चष्म्यासाठी आणि एकानं कारणच सांगितलं नाही, ते तिला सगळ्यात जास्त लागलं. चौथं स्थळ धारवाडच्या देसायांचं. मुलगा मुकुंद, हायस्कुलात गणित शिकवायचा. धारवाडला एका लग्नात अक्काची आणि त्याची पाण्याच्या पिंपाजवळ दहा मिनिटं गाठ पडली होती. काय बोलले देव जाणे. ते लोक बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी अक्का माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "गुंड्या, हे मोडलं तर मी परत कुणापुढे बसणार नाही. मला हाच हवाय." अक्कानं जन्मात 'मला हवाय' असं प्रथमच म्हटलं होतं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "मी आहे ना!" (हे वाक्य मी त्यानंतर कुणालाही म्हटलेलं नाही.)

मुलाच्या आईची एकच अट होती. पोहे-चहा नको. "मुलीच्या हातचं चिंचेचं सार आणि भात जेवून बघू," असा निरोप आला. देसाईकाकूंच्या हाताला धारवाडात नाव होतं म्हणे.

रविवार उजाडला. देसाई मायलेक बेंगळूरातल्याच शिवाजीनगरला नातेवाइकांकडे उतरले होते. त्यांना आणायला अण्णा कोपऱ्यावरच्या मुनियप्पाचा जटका (आमच्याकडचा टांगा) घेऊन गेले. अक्कानं सोवळ्यात एकटीनं स्वयंपाक केला. सार, भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा, पुरणपोळी. साडेअकराला आई म्हणाली, "गुंड्या, नैवेद्याला तुळशीचं पान आण."

मी परसात गेलो. तुळशीच्या पलीकडे डॉक्टरांचं झाड. दोन्ही फळं लालबुंद पिकून लोंबत होती. मला वाटलं, घरातला चव बघणारा मी. सहा वर्षं वाट पाहिलेलं फळ पाहुण्यांसमोर यायचं आणि त्याची चव आधी मी बघितली नाही, हे कसं चालेल? हे कर्तव्य होतं! मी एक तोडलं आणि तोंडात टाकलं. घोळवलं. चांगलं मिनिटभर घोळवलं, कारण जाणकार असंच करतात. वर जरासा गर, आत भलीमोठी बी.

काही चव नाही! ना गोड, ना आंबट. अगदी फिकट. मला अण्णांची फार कीव आली. सहा वर्षं घंगाळानं पाणी घातलं, ते याच्यासाठी! बी खिशात लपवली, तुळस घेतली आणि आत आलो. आईनं नैवेद्य दाखवला. मग मी चुलीपुढे पाटावर बसलो आणि तळहात पुढे केला. अक्कानं सार टाकलं. मी चाटलं.

"अक्का!" मी ओरडलो. "हे सार आहे की काकवी?"

अक्का पांढरी पडली. "लिंबाएवढाच गूळ घातलाय रे."

"फणसाएवढा घातला असशील! चिंच घाल."

तिनं चिंचेचा कोळ ओतला. मी चाटलं. नवल म्हणजे, ते आधीपेक्षा जास्त गोड! "अजून घाल." तिनं अजून घातला. अजून गोड! मी चक्रावलो. तिसऱ्यांदा घातला तेव्हा तर पाकात बुडवल्यासारखं लागलं.

"गूळ तळाशी बसला असेल, तो आता विरघळतोय," मी शास्त्रीय खुलासा केला. (इंटर सायन्स.) "घाबरू नकोस. बरणीतली सगळी चिंच आण."

"गुंड्या, नक्की ना? वास फार हुळीचा येतोय रे."

"नाकानं जेवणार आहेत का ते? माझ्या जिभेवर अविश्वास?"

"नाही रे," ती म्हणाली. "तुझ्याच जिभेच्या भरवशावर आहे मी."

मग कोशिंबीर. श्रीखंडासारखी! म्हटलं, घाबरून पोरीनं सगळीकडे साखर टाकली की काय. तिच्यात मी चार लिंबं पिळायला लावली. मठ्ठा बासुंदीसारखा लागला, त्यात आणखी दोन. बटाट्याची भाजी तेवढी शहाण्यासारखी होती. आईनं एकदा चुलीकडे डोकावून विचारलं, "सरी आहे ना सगळं?" मी म्हणालो, "मी होतो म्हणून वाचलं."

एवढ्यात दारात जटका थांबला.

देसाईकाकू नऊवारीतल्या, ठसठशीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मुकुंद त्यांच्यामागे, अक्काइतकाच उंच आणि तसाच चष्मा! पानं मांडली. अण्णांच्या एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला मुकुंद, समोर मी. बाहेर जटक्याजवळ मुनियप्पालाही आईनं पान नेऊन दिलं. अक्कानं वाट्यांत सार वाढलं आणि ती स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहिली.

काकूंनी पहिला भुरका मारला.

त्यांचा एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला. मग दोन्ही एकदम उघडले आणि मोठे झाले. अण्णांनी भुरका मारला आणि त्यांच्या कानशिलांवरच्या शिरा उभ्या राहिल्या. मुकुंदनं भुरका मारला आणि तो खाली मान घालून पानाकडे बघत राहिला.

मला वाटलं, तृप्त झाले!

"कसं आहे?" मी उत्साहानं विचारलं. उत्तराची वाट न बघता माझी वाटी तोंडाला लावली आणि गटागटा संपवली. "अमृत! आई, आणखी वाढ! काकू, संकोच करू नका!"

"तुम्हाला... हे आवडलं?" काकूंचा आवाज घोगरा झाला होता.

"आवडलं म्हणजे? स्वल्प गोडच आहे अजून!"

काकूंनी मुकुंदकडे पाहिलं. मग पाणी प्यायल्या. मग जरा जपूनच कोशिंबीर तोंडात घातली आणि पदर तोंडाला लावला. पानातली लिंबाची फोड मी सालीसकट उचलली आणि चोखली. आहाहा! संत्रं झक मारेल! दुसरी उचलली, तीही चोखली आणि समाधानानं हसलो. मला खरोखर फार आनंद झाला होता, त्याला मी काय करू?

काकू पाट मागे सरकवून हळू आवाजात आईला म्हणाल्या, "राग मानू नका ओ. पण विचारलं पाहिजे की. हे... यांना असं केव्हापासून होतं? घराण्यात अजून कुणाला आहे?"

त्या काळी घराण्यात वेड निघालं की स्थळ मोडलं, बोलायची सोयच नव्हती. आईच्या हातातलं भांडं खाली पडलं. दाराआडून हुंदका ऐकू आला. अक्का जन्मात रडली नव्हती, आणि ती रडत होती. मी हातात लिंबाची साल धरून बसलो होतो. काय चुकलं हे मला कळत नव्हतं. चुकलंय एवढं कळत होतं, आणि ते माझ्यामुळे, हेही. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं लोक म्हणतात ते काय असतं, ते मला तेव्हा समजलं.

आणि अण्णा? अण्णा जेवत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. माझ्या हातातल्या सालीकडे, मग माझ्या तोंडाकडे. ते उठले. उष्ट्या हातानं परसात धावले. तिथून ओरडण्याचा आवाज आला. "एकच आहे! एकच!" ते परत आले तेव्हा त्यांच्या डाव्या तळहातावर एक लाल फळ होतं.

"गुंड्या! तू खाल्लंस?"

मी खिशातून बी काढून पानाजवळ ठेवली. मार पडणार याबद्दल शंका नव्हती.

अण्णांनी मला मिठी मारली. पाहुण्यांसमोर, उष्ट्या हातानं! "लिंबू गोड लागलं? खरंच गोड लागलं? सार? ताक? डॉक्टर खरं बोलले होते रे! सहा वर्षं लोक मला हसले!"

काकूंनी आता दोघांकडे पाहिलं. एकाच्या वेडाबद्दल त्यांना शंका होती, ती फिटली. घराण्यातच होतं!

"काकू," अण्णा त्यांच्यापुढे चक्क गुडघे टेकून बसले. "या फळाला स्वतःची चव नाही. पण हे खाल्लं की पुढे घटकाभर जे जे आंबट, ते ते गोड लागतं. झाडाला स्वतःला आंबट मातीच लागते, गोड मातीत मरतं ते! आमच्याकडे नव्या झाडाचं पहिलं फळ देवाला, दुसरं पाहुण्याला. देवाचं या गाढवानं खाल्लं. हे तुमचं."

पहिल्या बहराचं फळ पाहुण्यानं नाकारायचं नाही, ही रीत धारवाडातही होती. काकूंचा नाइलाज झाला. त्यांनी ते फळ विष घ्यावं तसं घेतलं, डोळे मिटून तोंडात घोळवलं, बी तळहातावर काढली. अण्णांनी लिंबाची फोड पुढे केली. काकूंनी ती अगदी बेतानं जिभेला लावली.

त्या थांबल्या. फोड डोळ्यांसमोर धरून त्यांनी ती उलटसुलट पाहिली. परत चोखली. मग सगळीच चोखली. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो ठसठशीतपणा हळूहळू उतरला आणि आत कुठेतरी सात-आठ वर्षांची परकरी पोर होती, ती बाहेर आली.

"अगं बाई," त्या कुजबुजल्या. "हे काय केलंय देवानं!"

मग सार. मग कोशिंबीर. मग मठ्ठा दोन वाट्या. प्रत्येक घासाला त्या "अगं बाई" म्हणत होत्या आणि त्यांचे डोळे भरून येत होते. अण्णा तर केव्हाचे रडत होते. मीही मागच्या दारातून पहिल्यांदा त्या परसातल्या बुटक्या झुडपाकडे नीट पाहिलं. एवढंसं फिकट फळ. त्याच्या पोटात कुणी, कधी, कशासाठी ही करामत भरून ठेवली? वीस वेळा ऐकलेलं मला तेव्हा एकविसाव्यांदा ऐकू आलं. मी अगदी मनापासून म्हणालो, "अरे वा!"

काकूंना मग एकदम आठवलं. "मुकुंदा, तुला रे? तुला फळ नाही मिळालं!"

सगळ्यांनी मुकुंदच्या पानाकडे पाहिलं. साराची वाटी रिकामी. कोशिंबीर संपलेली. तो घामाघूम झाला होता आणि त्याचा चष्मा नाकावर घसरला होता.

"ते सगळं तसंच संपवलंस?" काकूंनी विचारलं. "कसं लागलं?"

"आंबट होतं," मुकुंद म्हणाला. बोलताना त्याचा जबडा नीट हलत नव्हता. "पण त्यांनी केलं होतं ना."

दाराआडचा हुंदका थांबला. मग तिथून हसू ऐकू आलं. रडता रडता आलेलं, आवरता न येणारं. काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि आईला म्हणाल्या, "आता मुलीला बाहेर बोलवा की. मी बघायला आले होते, पण बघून झालंय याचं." आणि मग जरा दरडावून, "पण एक सांगा ओ. इतकी चिंच घालायला सांगितली कुणी?"

आईचं, अण्णांचं आणि दाराआडून अक्काचं, तीन बोटं माझ्याकडे वळली.

फळाचा असर तासाभरात उतरला. मग माझे दात असे आंबले की तीन दिवस मला दूधभातसुद्धा चावेना. पोटाचं तर विचारूच नका. काकूंचीही तीच गत झाली असं धारवाडहून पत्र आलं. त्याच पत्रात मुहूर्तही होता. शेवटी ताजा कलम: झाडाला पुन्हा फळ आलं तर कळवणे.

लग्न आमच्या परसाला लागूनच्या मैदानात मांडव घालून झालं. अंतरपाट धरला होता, मंगलाष्टकं सुरू होती. मी नवरीचा भाऊ म्हणून मांडवाच्या टोकाला रुबाबात उभा होतो. एवढ्यात आचारी पळीत सार घेऊन आला. देवाचा नैवेद्य झाला होता. चव बघणारं माणूस कोण, असं त्यानं कुणाला तरी विचारलं असणार. मी घसा साफ केला आणि तळहात पुढे केला.

अंतरपाटाआडून, तिसऱ्या मंगलाष्टकाच्या मध्यावर, नवरी ओरडली, "त्याला नको!"

भटजी थांबले. सनई थांबली. दोनशे माणसांनी माझ्या पुढे केलेल्या तळहाताकडे पाहिलं. आचाऱ्यानं पळी तशीच मागे वळवली आणि शेजारी उभ्या असलेल्या मुनियप्पा जटकावाल्याच्या हातावर सार ओतलं. आमच्या घरचं ते रविवारचं आंबटढाण सार त्याला इतकं आवडलं होतं की जन्मात विसरला नव्हता तो. मिटक्या मारत त्यानं चाटलं, विचार केला आणि निकाल दिला, "स्वल्प हुळी कम्मी."

आणि त्या लोकांनी त्याचं ऐकून चिंच घातली!